दोन अंश खाली

लॅपटॉपवरचा चोपडा तालुका सपाट आहे.
तिथे टॉवर म्हणजे माऊसची एक टिचकी,
आणि टिचकीसरशी हिरवा रंग सांडतो
पार तापीच्या काठापर्यंत.

चौथ्या दिवशी जीपमध्ये,
चार फोन मांडीवर, पाचवा टपावर चुंबकाने चिकटवलेला,
त्याच हिरव्या रंगातून जाताना
एकही दांडी नाही.
दोन्ही बाजूंना केळी.
बाग संपते तिथे दुसरी बाग,
निसवलेले घड, रुंद ओली पानं.
पंपाजवळून उखा कोळी म्हणाला,
"लागवड व्हती तवय येत व्हता, साहेब.
केळ वाढनी नि आवाज गया."
मी वहीत लिहिलं: पानातलं पाणी लहर पितं.
सॉफ्टवेअरला पीक कळत नाही.
त्याच्या लेखी शेत म्हणजे शेत,
उंची शून्य.

उत्तरेला सातपुडा.
त्याच्या कुशीत गवऱ्यापाडा, उंबरझिरा,
आणि आणखी एक,
ज्याचं नाव विचारायला आमच्याआधी कुणी गेलं नसावं.
लहर सरळ जाते, दरी वळते.
आमच्या धंद्यात त्याला सावली म्हणतात;
ती उन्हाने हलत नाही.

गवऱ्यापाड्यात रेमली बारेला भेटली, आशाताई.
नकाशा तिच्याकडेही होता, तोंडपाठ:
मोहाच्या झाडाचा खालचा बेचका, सकाळी, दोन दांड्या.
शाळेची टाकी, वर उभं राहिलं तर एक.
गोमाच्या घरामागचा खडक,
तोंड दक्षिणेला, फोन डोक्याच्या वर.
"बोलायचं तर ओरडायचं," ती म्हणाली,
"ऐकायचं तर खाली आणायचा.
खाली आणला की तुटतो."
अँब्युलन्स बोलवायला रात्री त्या खडकावर
ती सात वेळा चढली आहे.
सातही वेळांचे महिने तिने सांगितले.
पुढे काय झालं ते सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही, उंची मोजत राहिलो.

नियम असा: एका टॉवरमागे अमुक इतकी डोकी.
केळीच्या डेपोजवळ डोकी आहेत, रस्ता आहे, वीज आहे,
जागेचा मालक भाडं ठरवून
चौथऱ्याचं सिमेंटसुद्धा आणून बसला आहे.
पाड्यात त्रेचाळीस उंबरे,
आणि डिझेलचा कॅन डोक्यावर.

दोन्हींच्या मध्ये, नाल्याच्या तोंडाशी,
एक मुरमाड टेकाड आहे. त्यावर काही पिकत नाही,
बोरीसुद्धा खुरटतात.
तिथून डेपो दिसतो, आणि मान वळवली तर दरीचा पहिला वाक.
मी टिचकी तिथे मारली.
हिरवा रंग दोन्हीकडे फाटला,
मधे पिवळा, कडांना लाल,
तिसरा पाडा लालच.
नाशिकच्या ऑफिसातून फोन:
डेपोचे आकडे का पडले?
म्हटलं, चहाच्या टपरीत आत बसलं तर एक दांडी कमी येईल.
मग?
मग बाहेर यायचं.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही;
मला वाटलं, माझंच नेटवर्क गेलं.

मंजुरी आली तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात होतो.
परतलो तो पाते चढवायच्या दिवशी.
चाळीस मीटरवर इरफान, कमरेला दोर, हातात पाना.
उत्तरेचा पाता दोन अंश खाली झुकवायचा,
नाहीतर लहर दरीवरून निघून जाते,
समोरच्या कड्यावर आपटते,
आणि तिथे फक्त माकडं.

दोन अंश.
मी रेमलीला फोन लावला. पहिल्यांदा मीच.
"आली," ती म्हणाली. "खडकाखाली पण आली."
पावलांचा आवाज, कोंबड्या, कुणीतरी खोकलं,
दार.
"ओसरीत आहे... घरात..."
आणि तुटला.

पुन्हा तिचाच आला, मोकळ्या हवेतून:
"चुलीपाशी नाही."

वरून इरफान ओरडतो, अजून एक अंश?
मी काही बोलत नाही, आकडे बघतो.
खाली डेपोचा मालक दारात येऊन उभा आहे,
तोंड आमच्याकडे,
फोन डोक्याच्या वर.