सहावी

त्या फेब्रुवारीत माझा बॉयलर बंद पडला होता
आणि समोरच्या चर्च हॉलमध्ये मंगळवारी रात्री दिवे असायचे.
खरं कारण एवढंच.
परंपरा, वसंत ऋतू वगैरे नंतर, लोकांनी विचारलं तर सांगायला.
मी ऊब शोधत दार ढकललं.

आत पाच माणसं रुमाल हलवत होती,
बोट केव्हाच सुटून गेलेली
आणि धक्क्यावर कुणालाच हात थांबवायचे सुचू नये, तशी.
ऑस्वाल्डने मला बुटांपर्यंत न्याहाळलं.
वय ऐंशी, नडग्यांवर घुंगरं.
"डावं-उजवं कळतं?"
"साधारण."
"इथे कुणालाच नीट कळत नाही. त्या कोपऱ्यात उभी राहा."

सहा जण लागतात मॉरिसला.
तीन इकडे, तीन तिकडे, समोरासमोर.
पाच असले की नाच नसतो,
नुसती पाच माणसं असतात, हॉलचं भाडं भरून बसलेली.

मार्चमध्ये काठ्या हातात आल्या.
माझ्या करंगळीचं नख जांभळं झालं.
पॅकिंगच्या शिफ्टवर सुपरवायझरने हळूच बाजूला घेऊन विचारलं,
कोणी मारलं?
म्हटलं, एका दाताच्या डॉक्टरने. तालात.
तिने ते कुठल्याशा फॉर्मवर लिहून घेतलं.

सरावानंतर 'लंगडा बगळा'.
एकाच बाऊलमध्ये सगळ्यांचे चिप्स,
टोबायसचा गणिताचा गृहपाठ बिअरच्या डागांमध्ये,
आयव्हरची वही, त्यात वर्गणी आणि कोणी किती बुडवली ते.
फर्गस प्लास्टर करतो; त्याच्या भुवयांवर कायम थोडी भिंत असते.
इथे कोणी विचारत नाही तुझा नवरा कुठे गेला.
विचारतात, गुडघा कसा आहे.
आणि उत्तर संपेपर्यंत ऐकतात.

शनिवारी माझ्या दोरीवर बारा पांढरे रुमाल.
शेजारचे मिस्टर ट्रॅस्क, सहा वर्षांत पहिल्यांदाच, कुंपणावरून:
"कोणाला शरण जाताय?"

एक मे. पहाटेचे साडेचार, टेकडी, दव बुटांच्या आतपर्यंत.
प्रेक्षक: मेंढ्या, कुत्रा फिरवणारा एक गृहस्थ,
थर्मास घेऊन टोबायसची आई.
बेरिलची बोटं गारठलेली, तिचं मेलोडियन आधी खोकलं,
मग चालू लागलं.
ऑस्वाल्ड आता उडी मारत नाही,
उडीच्या जागी भुवया उचलतो,
आणि शपथ घेऊन सांगते, तो जमिनीवरून सुटलेला दिसतो.
धुकं काही हटलं नाही.
शेवटी त्यानेच घड्याळात पाहून
सूर्य उगवल्याचं जाहीर केलं.
आम्ही टाळ्या वाजवल्या.

नोव्हेंबरात एका मंगळवारी मी गेले नाही.
कारण सांगण्यासारखं नव्हतं.
बॉयलर आता चालत होता.
कामावरून आले आणि कोट न काढता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले,
बसूनच राहिले.

पावणेआठला फोन. डिलिस, दाताची डॉक्टर.
"आम्ही पाच जण उभे आहोत."
बस. बरी आहेस का, नाही. काय झालं, नाही.
मागे बेरिलने एक सूर ताणून धरला होता,
तो तिने सोडला नाही,
डिलिस गप्प राहिली तेव्हाही,
मी गप्प राहिले तेव्हाही.

मला पुष्कळ ठिकाणी बोलावलंय आजवर.
लग्नांना, निरोपसमारंभांना, खुर्च्या भराव्यात म्हणून.
पण मी नाही म्हणून
काही सुरूच होत नाही, असं कधी...

रस्ता ओलांडला. एका पायाला घुंगरं बांधलेली,
दुसरा पट्टा हातात, पावलागणिक अर्धाच छनछनाट.
कोणी वळून पाहिलं नाही.
कोपरा रिकामा होता, मी त्यात उभी राहिले,
बेरिलने तो सूर अखेर खाली ठेवला
आणि पुढचा उचलला.

डावीकडे वळायचं तिथे मी उजवीकडे वळले.
फर्गसवर आदळले.
त्याने सवयीने आधीच जागा करून ठेवली होती.