बाहीचं माप

मासानच्या गोदीमागे माझं शिवणाचं दुकान:
एक यंत्र, एक शेगडी, कोळशाची इस्त्री.
लष्कराची जीप दारात थांबली तेव्हा वाटलं,
कुणाच्या तरी पाटलोणीची तक्रार आली.

आत आला इंजिनीअर प्यो देओक-चिल.
चष्म्याच्या मोडक्या दांडीला तांब्याची तार,
नखांत ग्रीस.
"गिल-रे बाई, तुम्ही हात मोजता ना?
आम्हाला बाराशे मोजून हवेत."

त्यांना बंदूक करायची होती. इथली.
तोवरच्या सगळ्या समुद्रापलीकडून आलेल्या,
थोराड देहांसाठी घडलेल्या, फुकट.
धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात.
आमच्या पोरांनी मोजले नाहीत.
माना ताणल्या,
दस्ता खांद्याला टेकवून बोट चापापर्यंत नेताना
जीभ दातांत धरली,
नेम चुकला की शिव्या खाल्ल्या.
शिव्या मात्र तेव्हाही इथल्याच होत्या.

जानेवारीत छावणीच्या कोठारात
पोरं बनियनवर रांगेत उभी.
खांदा ते कोपर, कोपर ते तर्जनीचं पहिलं पेर.
माझी टेप गारठून कडक झालेली,
टेकली की दंडावर काटा यायचा.
एकाच्या मनगटाला जाळ्याच्या दोरीचे वळ.
एक जेमतेम अठराचा, पंजा मात्र बापाचा.
एकाने हळूच विचारलं, "मावशी, नवा कोट मिळणार?"
मी म्हटलं, हो.
काय सांगणार होते?

प्योने बाराशे हातांची सरासरी काढली.
कागदावर तो हात देखणा दिसत होता.
मी वही पुन्हा चाळली:
बाराशेंत एकाचाही नव्हता.

मग वर्षभर तो अधूनमधून यायचा.
नळी चिखलात पुरली, खटका मिठाच्या पाण्यात ठेवला,
असलं काहीबाही सांगायचा.
साडेचार हजाराव्या गोळीला तुटलेली स्प्रिंग
त्याने माझ्या टेबलावर ठेवली,
जणू मी तीही रफू करून देणार.
मी त्याला जवाचं गरम पाणी दिलं.

चाळीस बंदुका डोंगरातल्या चौक्यांवर गेल्या.
मार्चमध्ये एकोणचाळीस जशाच्या तशा परतल्या.
एकीचा दस्ता करवतीने कापलेला,
दोन बोटं.
काप सरळ, कड काचेने घासून गुळगुळीत.
कापलेला तुकडा पुरावा म्हणून दोरीने बांधलेला.
सरकारी मालाची नासधूस: सहा दिवस कोठडी, पगार कापला.

प्यो ती बंदूक घेऊनच आला.
खांद्याला लावली, काढली, पुन्हा लावली.
"पोराने का कापलं असेल?"

दाराशी माझा कोट टांगला होता,
कापूस भरलेला, उशीएवढा जाड.
माझ्या पोटात गोळा आला.

बनियनवर मोजले होते मी हात.
बनियनवर!
कालची शिकाऊ पोरगीसुद्धा विचारते,
आतून स्वेटर घालणार का?
मापात पाप नको, आई म्हणायची.
माप बरोबर होतं.
थंडी तेवढी धरायची राहिली.

नव्या दस्त्याची लांबी दोन बोटं कमी झाली.
अहवालात एक ओळ:
हिवाळी पोशाखास अनुसरून फेरबदल.
करवतवाल्याचं नाव त्यात नाही. माझंही नाही.
प्योने त्याच्यासाठी अर्ज केला,
तोवर कोठडी भोगून झाली होती.
कोट मागणारा तोच का, कोण जाणे.
नावं मी लिहिलीच नव्हती, फक्त आकडे.

बंदूक आता नीट खांद्याला बसते म्हणे.
पुढे ती कुणाचं माप घेते,
ते मी प्योला विचारलं नाही,
त्यानेही काढलं नाही.

तो अक्रोडाचा तुकडा माझ्याकडे आहे.
जाड कापडाच्या शिवणीला वाफ दिली
की त्याने दाबून धरते, दहा मोजेपर्यंत.
शिवण सपाट बसते.
गिऱ्हाईक विचारतं, हे कसलं लाकूड?
मी म्हणते, हात वर करा.
आणि कोट काढू नका.