साखळीघर

खाणीचं साखळीघर आम्हाला तीन रविवार मिळालं.
राखणदार ओत्मारनं भाडं म्हणून मागितली एक बाटली
आणि फार आवाज करणार नाही असं वचन.
बाटली दिली.

वर छताला अजून लोंबतात चारशे साखळ्या.
पाळी सुरू होताना माणसं घरचे कपडे
आकड्याला अडकवून वर ओढून ठेवत,
चारशे बिनडोक्याची माणसं, हवेत, वाट बघत.
आता आकडे रिकामे. एकावर कुणाची तरी टोपी.
तिला आम्ही हात लावला नाही.

झ्बिन्येकनं दोन्ही पायांनी ड्रम सुरू केला
आणि साखळ्या बोलायला लागल्या.
किणकिण कसली, थंडीत दात वाजावेत तसं.
लुमीर म्हणाला, माइक हलवू. हलवला.
गाद्या लावल्या, घोंगड्या टांगल्या, शिव्या दिल्या.
शेवटी गिटार मांडीवर आडवी ठेवून म्हणाला,
राहू दे. आपण चौघं, हा पाचवा.

नऊ गाणी, एकूण एकोणीस मिनिटं.
पहिलाच अल्बम, लांबवता आला असता,
दम नव्हता.
द्रुत इतकी द्रुत की मात्रा मोजणारा खुळा ठरावा,
आणि मग एकदम
ती जड, लंगडी, विलंबित चाल,
ऑस्त्रावाच्या तळघरांतल्या हार्डकोरवाल्या पोरांकडून उचललेली.
डोकं भादरलेली, दारूला न शिवणारी पोरं,
समेवर एकमेकांच्या अंगावर कोसळायची
आणि पडलेल्याला आधी उचलायची, मग पुढचा धक्का.

मला ती चाल आधीपासून ठाऊक होती.
आमची गल्ली अशीच खाली जाते.
खालून कोळसा नेला, वर घरं ठेवली,
वर्षाला चार बोटं.
शाळेच्या दाराला तीन पायऱ्या होत्या.
पहिलीत मी त्या चढून आत गेलो,
सातवीतून सपाट बाहेर आलो.

बोहुश गातो. गातो म्हणजे,
बेंबीखालून काहीतरी वर येतं
जे शब्द व्हायच्या आधीच नासलेलं असतं.
आठवडाभर तो वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना खिमट भरवतो,
अजून एक चमचा म्हणतो, इतकं हळू
की तिथल्या नर्सना वाटतं, घसा नाजूक आहे बिचाऱ्याचा.

गाण्यांचे कागद त्याच्या आईनं मागून घेतले.
क्वेताबाई, छत्तीस वर्षं चौथीला व्याकरण.
कवट्या, आतडी, जिवंत गाडलेले, माशांची अंडी,
चष्मा लावून सगळं वाचलं.
दोन दिवसांनी परत आले, लाल शाईत:
शुद्धलेखनाच्या सात चुका,
समासात एके ठिकाणी,
"प्रेत एकवचनी, क्रियापद अनेकवचनी. काय ते ठरव."
आणि सहाव्या गाण्यात 'बाहेर काढले' याखाली रेघ.
"काढले नाही.
तुझ्या आजोबांना काढले नाही.
आत आग होती, तोंडाशी भिंत बांधली.
मी तेव्हा नऊ वर्षांची होते. गाणे दुरुस्त कर."

तोपर्यंत आम्हाला वाटायचं
की हे सगळं आम्ही बनवलंय.

दुरुस्त केलं.
ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही,
त्या आवाजात काढलं काय, नाही काढलं काय.
फक्त तिथं बोहुश एक श्वास जास्त घेतो,
झ्बिन्येक थांबतो, मी तार दाबून धरतो,
आणि दीड सेकंद टेपवर
नुसत्या साखळ्या.

क्वेताबाईंनी ते एकदाच ऐकलं, स्वयंपाकघरात, उभ्यानं.
मग म्हणाल्या, कांदा करपला.

दोनशे कॅसेट काढल्या. एकसष्ट खपल्या,
एक ओत्मारनं घेतली, त्याच्याकडे यंत्र नाही.
उरलेल्या माझ्या पलंगाखाली.
जमीन उतरती आहे,
खोकी महिन्याभरात भिंतीला जाऊन टेकतात.
मी वाकतो,
परत ओढून घेतो.