पकड

दवाखान्यातून मिळालेला पिवळा चेंडू
बाबांनी तीन दिवस दाबला,
चौथ्या दिवशी खिडकीतून खाली टाकला.
"बेचाळीस वर्षं हातोडा धरलाय मी.
हसरं तोंड काढलेलं रबर कसलं दाबायला लावता?"
एवढं बोलायलाही त्यांना
उजव्या गालाची परवानगी घ्यावी लागत होती.

चेंडू गल्लीतल्या पोरांनी नेला.
आम्ही तांबट आळीतले. इथं हातात आलेली वस्तू
आधी वजनाला जोखतात,
मग नाव विचारतात.

मग मी भद्रकालीत गेले, मुश्ताकभाईंच्या भंगारात.
अर्धी दुपार उकिडवी बसून
स्कूटरच्या पोटातली एक स्प्रिंग निवडली.
"कशाला पाहिजे, ताई?"
"मूठ वळायला."
त्यांनी आपली मूठ वळून पाहिली, उघडली,
आणि पाच रुपये कमी केले.

मी अंबडला सीएनसीवर असते.
माझ्या कामाला बोट लागतं, हात लागत नाही :
हिरवं बटण, लाल बटण, आठ तास.
त्या रविवारी गच्चीवर
करवतीनं पाइपाचे दोन तुकडे कापले,
स्प्रिंगची टोकं आत ठोकली,
वरून सायकलची जुनी ट्यूब चढवली.
तळव्याला फोड आला.
बाबांचं दुकान बंद झाल्यापासून
या घरात कुणाला फोड आला नव्हता.

बाबांनी ते डाव्या हातानं उलटंसुलटं केलं.
"कड मारली नाहीस. कानस कुठंय?"

दुसरं : झाडूचा दांडा, मधोमध सुतळी,
सुतळीच्या टोकाला लोटा.
लोटा त्यांनीच घडवलेला,
काठावर एक ठोका जास्त पडला म्हणून
कधीच न विकलेला.
दांडा फिरवायचा, लोटा वर.
तसाच हळूहळू खाली, सोडायचा नाही.
जमलं की आत एक नट टाकायचा.
पहिल्या दिवशी रिकामाच लोटा गुडघ्यापर्यंत आला
आणि धाडकन फरशीवर.
खालच्या कुंदाकाकू भांडायला वर आल्या,
आणि दुसऱ्या दिवसापासून
नट मोजायला येऊ लागल्या.

बादलीभर तांदूळ द्यायला आईनं साफ नकार दिला,
म्हणून रंगाच्या डब्यात वाळू.
वाळूत हात खुपसायचा
आणि आतल्या आत मूठ उघडायची.
उघडणं जास्त अवघड, हे मला ठाऊक नव्हतं.
"मला होतं," बाबा म्हणाले.

सिमेंटचा डंबेल फसला.
पाणी जास्त झालं, मधोमध तडकला.
तो आता मोरीचं दार अडवतो.

नऊ नट झाले. मग अकरा.
मग ताप आला, आणि परत चार.
त्या आठवड्यात कुंदाकाकू आल्या,
चहा पिऊन गेल्या, मोजलं नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी,
द्राक्षवाले बागांतून शेकोट्या पेटवतात तशा थंडीत,
मी स्प्रिंगला खोबरेल लावायला गेले,
आणि मनगट धरलं गेलं.
"खोबरेल थिजतं. मशीनचं तेल आण."

मी हलले नाही.
बाबांनाही जरा उशिरा कळलं
कुठल्या हातानं धरलंय ते.

सोडल्यावर मनगटावर चार वळ उठले होते,
तांबूस, एकापेक्षा एक ठसठशीत.
अंगठ्याची जागा कोरी.

आम्ही दोघं त्या कोऱ्या जागेकडे बघत बसलो,
ठोका देण्याआधी पत्र्याकडे बघावं तसे.
मग मी दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढला,
त्यांच्या अंगठ्याखाली धरला.
अंगठा थरथरला. चिमट्यानं अर्धं तोंड उघडलं, मिटलं.

"मऊ आहे," बाबा म्हणाले.
"भद्रकाली किती वाजता उघडते?"