अकरा किलो तीनशे

रद्दीवाल्या घेवारामने काट्यावरचा गठ्ठा उतरवला,
माझी पिशवी चढवली.
"इंग्रजी का मराठी?" सवयीने विचारलं त्याने.
अकरा किलो तीनशे.
गांगलांच्या तक्त्यात हद्द नऊची आहे.

एकतीस वर्षं सिटी पोस्टात
लोकांची पार्सलं तोलली मी.
पाच ग्रॅम जास्त भरलं तर वरचं तिकीट लावा म्हणायचे,
गयावया ऐकली नाही कुणाची.
आता जिन्यात बसून स्वतःशीच घासाघीस:
टॉवेल कशाला, पंचा वाळतो तासात.
कंगवा अर्धा पुरे, केस आता तेवढेच.
गुडघ्याचं तेल राहू दे.
स्वेटर काढला, परत कोंबला.
हुबळीच्या पुढे पहाटे गारठा असतो म्हणे.
एका "म्हणे"चे चारशे ग्रॅम.

कन्याकुमारी हे मी मोठ्याने म्हणत नाही अजून.
भाजीवालीला सांगितलं, गावाला चाललेय सोळा दिवस.
कुठलं गाव, ताई?
मी मेथीची जुडी उलटीपालटी करत राहिले.

नाना पेठेत तांबोळींनी चाक टांगून फिरवलं,
एक डोळा मिटला,
नखाने एकेक स्पोक छेडत गेले.
"थोडा आऊट आहे. केसभर."
मला काही दिसेना.
"आत्ता नाही दिसणार. पंधराशे किलोमीटरनंतर दिसेल."
पैसे पुरते घेतले आणि वर सांगितलं,
उतारावर ब्रेक दाबून धरू नका,
सोडत, धरत, सोडत जा.

रविवारी शेवटचा बोपदेव घाट.
माथ्यावर नेहमीप्रमाणे कुणी बोललं नाही,
नुसते श्वास, आणि खाली कोंढव्याचे दिवे विझताना.
उल्का पायगुडेने चिक्की फोडली.
आठ तुकडे झाले.
आम्ही सात होतो.
आठवा कुणी खिशात घातला
ते मी पाहिलं नाही, पाहायचंही नव्हतं.

गांगलांना डॉक्टरांनी
जिनासुद्धा मोजून चढायला सांगितलाय.
चार वर्षं ते माझ्या मागे असायचे.
चढ लागला की मागून टक् असा आवाज यायचा,
की मी माझा गिअर बदलायचे.
त्यांना हे कधी सांगितलेलं नाही.

तक्ता मात्र अजून तेच भरतात.
दिवस तिसरा, बेळगाव, वारा तोंडावर येईल.
दिवस सहावा, चित्रदुर्ग, पुलानंतर सावली नाही, टोप्या.
त्याखाली नावं आणि सामानाचं वजन.
मेहेंदळे साडेआठ.
नाझनीन नऊ, बरोब्बर नऊ, तिचं सगळंच तसं.
उल्का आठ सातशे, हे खोटं आहे.
माझ्यापुढे मोकळी चौकट.
आणि सगळ्यात शेवटी
गांगल: शून्य.

ओळ पुसलेली नाही.
खिडकीवर शून्य वजनाचं पार्सल
कधी कुणी आणलं नव्हतं.
आणलं असतं तर
कितीचं तिकीट लावलं असतं मी?

मी लिहिलं, दहा दोनशे.
मिनिटाभरात शेजारच्या चौकटीत
त्यांचा शेरा उमटला:
स्वेटर ना?

लिफ्टमध्ये सायकल आडवी मावत नाही.
मागच्या चाकावर उभी करावी लागते,
मग हँडल माझ्या खांद्यावर,
आम्ही दोघी तोंडासमोर तोंड, पाच मजले.
आज रात्री सामानासकट करून बघितलं.
पार्किंगमध्ये एक फेरी मारली.
वळणावर ती भलतीकडेच झुकली, सावरली.
रॅम्पच्या चढाला
गिअर बदलण्याआधी क्षणभर थांबले,
कान मागे.
मग बदलला.

वॉचमनने घाईघाईने फाटक उघडलं.
म्हटलं, आत्ता नाही हो. पहाटे चारला.
"मग हाक मारा मॅडम," तो म्हणाला,
"तेव्हा मी झोपलेला असतो."