चारशे सत्तर ओहम

सावद्याच्या शिवारात, केळीच्या बांधाला धरून
दोनशे मीटर तार ओढली, छातीइतक्या उंचीवर.
टेलिफोन खात्याच्या भंगारातली;
हिच्याच खांबांवर तीस वर्षं चढलो.

वायव्येच्या टोकाला तांब्याची सळई ठोकली.
काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, सळईला सोडून देते,
म्हणून कोळसा, मीठ, घागरभर पाणी.
मग तार आणि सळई यांच्या मध्ये
पिवळ्या, जांभळ्या, तपकिरी पट्ट्यांचा
शेंगदाण्याएवढा रेझिस्टर.
दुकानदाराने त्याचे पैसेही घेतले नाहीत.

भुसावळचं यार्ड, दीपनगरचं वीजकेंद्र,
पाठीमागची सगळी खरखर
तारेवरून चालत त्याच्यापर्यंत येते
आणि तिथेच ऊब होऊन जिरते.
परत फिरत नाही.

"इतली लांब तार, अन् बोलता नही येत?"
चिंधू नेहेतेचा प्रश्न.
नाही. बोलायची तार वेगळी, घरावर. ही ऐकायची.
त्याला काही ते पटलं नाही.

पहाटे साडेपाचला थ्री-फेज गेली,
विहिरींवरच्या मोटारी एकेक करून गप्प झाल्या.
एकशे साठ मीटरवर,
केळीच्या पानावरून दव सरकावं इतकं बारीक,
कुणीतरी मोर्स ठोकत होतं. लिथुआनियातून.
हेडफोन चिंधूच्या कानांवर चढवला.
मफलर सोडून, डोळे मिटून
तो बराच वेळ ऐकत राहिला.

"दात वाजून राह्यले भो त्याचे," म्हणाला,
"लय थंडी दिसते तिकडे."