बिगरसभासद

फायनल रविवारी. कामठीची टीम येणार म्हणून
माथोली कॉलरीच्या ग्राउंडला यंदा पहिल्यांदाच
चारी बाजूंनी हिरवी जाळी, आणि तिकीट.
क्लबच्या फाटकावर फळा, फळ्यावर खडूनं:
सभासद – सोमवारपासून, माणशी चार.
बिगरसभासद – शनिवारी, उरल्यास.

'उरल्यास' हा शब्द मी
सायकल टेकवून दोनदा वाचला.
शेवटच्या पंगतीत बसणाऱ्याला
तो वाचावा लागत नाही,
बुंदीच्या वासावरून कळतो.

शनिवारी नऊलाच दुकान बंद केलं.
फाट्यावर एक ट्रक चाक काढून उभा,
त्याला म्हटलं, बाप्पा, आज नाही. आज मला काम आहे.

खिडकीत डोर्लीकर बाबू.
मागच्या हप्त्यात त्यांच्याच गाडीचा व्हॉल्व्ह बदलला,
चाळीस रुपये राहिले आहेत. मी विषय काढला नाही.
"सभासद नंबर?"
"नाही ना जी."
"मग सभासदाची चिठ्ठी आणा."
"फळ्यावर तर चिठ्ठीचं लिहून नाही."
"फळा लहान आहे, उकंडराव."

मग सभासदच होतो म्हटलं.
होता येते की, म्हणाले:
पाचशे एक रुपये, तीन फोटो,
दोघांच्या सह्या,
आणि कमिटीची बैठक.
ती आखजीनंतर.

क्वार्टर-क्वार्टर फिरलो चिठ्ठीसाठी.
ताजणे फोरमन रात्रपाळी करून झोपले होते;
बायको म्हणाली, उठवू नका, अंगावर येतात.
पिंपळशेंड्यांची चारही तिकिटं साडूकडे गेली.
कोपऱ्यावरच्या मॅडमनी आधी पाणी दिलं,
मग विचारलं, फुटबॉल समजतो तुम्हाला?
समजतो म्हटलं.
अजून काय सांगणार –
की बारा वर्षं क्लबचे सगळे बॉल माझ्याकडे येतात,
ब्लॅडर मी बदलतो, तोंड मी शिवतो,
हवा किती, ते अंगठा दाबून सांगतो?
गिलास उपडा ठेवून निघालो.

जाळीबाहेर एकच कडुनिंब.
उद्या त्यावरून पाहू म्हटलं, फुकटात,
तर वर पोरं आजच फांद्या वाटून बसलेली.
"काका, हे खांदी आमची होय.
आम्ही पयलेपासून इथंच बसून रायलो."
म्हणजे तिथंही सभासद.

दिवस बुडता बुडता भेटला गोमाजी,
ग्राउंडवर चुना मारत वाकलेला.
त्याला क्लबनं मजुरीच्या वर एक चिठ्ठी दिली होती.
"माह्यं काय, मी तं रेषेवरच उभा राहतो,"
म्हणाला, आणि दोन पांढऱ्या बोटांत धरून पुढं केली.

बाबूंनी त्या ठशांकडे बराच वेळ पाहिलं.
मग दोन तिकिटं फाडली, तीस-तीसची.
शंभराची नोट घेतली. सुटे नाहीत म्हणाले.
राहू द्या, म्हटलं. आता ऐंशी झाले.

रविवारी मी आणि माझी भाची योगिनी
गोलाच्या मागे, उन्हाच्या तोंडावर,
पोतं अंथरून. खुर्च्या पलीकडे.
तिनं तिकीट मुठीत धरलं होतं,
मी खिशात, वर हात.
शून्य-शून्य. कोळशाची भुकटी उडत होती,
पोरांच्या मोज्यांचा रंग एक झाला होता.

हाफटाइमनंतर आवाज बदलला.
लाथ तीच, पण टण्ण नाही, भस्स.
दोन हजार माणसांत तो आधी मला ऐकू आला.
मग कामठीच्या कीपरनं बॉल उचलून
अंगठा दाबला, बाकाकडे पाहिलं.
सेक्रेटरी उठले, कपाळावर हात धरून
गर्दीत कोणाला तरी शोधू लागले.

"मामा, हवा गेली."
"हो."
"पंप सायकललाच आहे ना?"
सुई माझ्या खिशात होती, तिकिटाच्या मागे.
"थांब थोडं," म्हटलं.
"तिकीट काढलं आहे."